ऑपरेशनचे नाव फोडून सांगा

ग्वाल्हेरला मावशीकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी शाळकरी होतो. काकांनी पत्रातून बजावले होते, 'स्टेशनवर उतरलात की टांगेवाल्याला सांगा, कंपू चलो. घर तिथून चार पावलांवर आहे.' आम्ही सीमाभागातली मुले. कंपू म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे चावडीवर बसलेले टवाळ पोरांचे टोळके यायचे. मोठेपणी साहित्यिकांचेही कंपू पाहिले. पण गावातल्या एका वस्तीचे नावच कंपू, हे ऐकून आम्हा भावंडांना गाडीत दोन दिवस हसायला पुरले.

ग्वाल्हेरचा कंपू फौजेचा. महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, त्या फौजेला कंपू म्हणू लागले. शब्द पोर्तुगीज 'काम्पो'वरून आला म्हणा की इंग्रजी 'कॅम्प'वरून, दोघांचेही मूळ लॅटिन 'काम्पुस'. अर्थ साधा, मोकळे मैदान. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि त्याचे शहर झाले, ते लष्कर. तेथेच एक 'शिंदे की छावनी' आहे. म्हणजे एका तळाला तीन नावे: लष्कर फारसी, छावणी घरची आणि कंपू लॅटिन. गंमत पुढेच आहे. जयारोग्य रुग्णालय या कंपूच्या भागात आहे आणि जिवाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत, १९४६ मध्ये, त्यांच्या मातोश्रींच्या नावाने गजराराजा मेडिकल कॉलेज निघाले तेही इथेच. कॉलेजच्या आवाराला आता मुले 'कॅम्पस' म्हणतात. तोही त्याच काम्पुसचा नातू. एक नातू पलटणीबरोबर आला, दुसरा पुस्तकांबरोबर, आणि दोघे एका पत्त्यावर नांदत आहेत.

भाषा विशेषांकासाठी लिहायला बसलो तेव्हा हीच गंमत सांगून थांबावे असे वाटत होते. पण लॅटिन आणि ग्रीक शब्दांशी माझी खरी गाठ पडली ती २०११ मध्ये, आणि तेव्हा हसू आले नव्हते.

मावशीच्या गुदाशयाच्या अगदी खालच्या टोकाला गाठ निघाली. तिचे वय तेव्हा ६८. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात ऑपरेशन ठरले. मी इथून गेलो होतो. आदल्या संध्याकाळी संमतीचा कागद आला. तो इंग्रजीत, आणि त्यात एक शब्द हाताने लिहिलेला: कोलोस्टॉमी. डॉक्टर भला माणूस होता. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "माताजी, गाँठ निकाल देंगे, फिर एक थैली लगेगी." मावशी म्हणाली, "लगाओ, बेटा." काकांच्या प्रोस्टेटच्या वेळी खाटेला लटकलेली लघवीची थैली तिने पाहिली होती. तशीच चार दिवस लावतील आणि काढतील, असा तिचा समज. तिने आपली वळणदार मराठी सही ठोकली.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलताना तिने पोटाकडे पाहिले. डाव्या बाजूला आतड्याचे टोक बाहेर आणून कातडीला शिवले होते, लालभडक, डाळिंबाच्या फुलासारखे, आणि त्यावर थैली चिकटवलेली. आयुष्यभरासाठी. पंचेचाळीस वर्षे ग्वाल्हेरात काढलेली मावशी त्या हिंदीभाषी नर्सला मराठीत ओरडली, "काय केलंत हे माझ्या पोटाला?" मग दोन दिवस ती कोणाशीही बोलली नाही.

ऑपरेशन उत्तम झाले होते. त्याने तिचा जीव वाचला. चुकले ते एका शब्दापाशी, आणि त्या वेळी मी शेजारीच उभा होतो. पोटापाण्यासाठी भाषा शिकवणारा माणूस, आणि 'कोलोस्टॉमी' म्हणजे काय हे विचारावे असे मला सुचले नाही. इंग्रजीतला काहीतरी डॉक्टरी शब्द असेल, म्हणून मान हलवली.

तो शब्द इंग्रजी नाहीच. ग्रीक 'कोलोन' म्हणजे मोठे आतडे आणि 'स्टोमा' म्हणजे तोंड. आतड्याला पोटावर तोंड काढून देणे, एवढाच त्याचा अर्थ. आपण गळवाला तोंड पडले म्हणतो, पोत्याला तोंड असते, बोगद्याला असते. "मावशी, मळ बाहेर यायला पोटावर नवं तोंड करणार आहेत आणि ते तसंच राहणार आहे," हे वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागले असते. तिने सही केलीच असती. पण माहीत असून केली असती.

परत आल्यावर मी या शब्दांच्या मागे लागलो. शस्त्रक्रियांच्या नावांत तीन शेपट्या पुन्हा पुन्हा येतात आणि आपण त्या एकच समजतो. पहिली 'टॉमी'. ग्रीक 'तोमे' म्हणजे काप. लॅपरोटॉमी म्हणजे पोटावर काप घेऊन आत पाहणे. जे कापता येत नाही ते अ-टोमोस, तोच आपला ॲटम. आणि ॲनाटमी, ज्याला आपण शरीररचनाशास्त्र असे भारदस्त नाव दिले आहे, त्याचा अक्षरार्थ चिरफाड. दुसरी शेपटी 'एक्टॉमी'. 'एक' म्हणजे ग्रीकमध्ये बाहेर. कापून बाहेर काढणे. पित्ताशय काढला की कोलेसिस्टेक्टॉमी: 'खोले' पित्त, 'किस्टिस' पिशवी, पुढे कापून काढणे. सारा शब्द म्हणजे 'पित्तपिशवी-काढणी'. तिसरी 'स्टॉमी', जी ऐकायला पहिल्या दोघींची बहीण वाटते. पण तिचे कूळच वेगळे, ती तोंडाच्या घरची. म्हणून ट्रेकिऑटॉमी म्हणजे श्वासनलिकेला चीर देणे आणि ट्रेकिऑस्टॉमी म्हणजे तिला गळ्यावर तोंड करून देणे. एका 'स'चा फरक. कोलेक्टॉमी म्हणजे आतडे काढणे आणि कोलोस्टॉमी म्हणजे त्याला तोंड देणे. कागदावर सही करणाऱ्याला हा फरक कळू नये, ही गोष्ट मला अजून टोचते.

हे शब्द ग्रीक का, असा प्रश्न येईल. हिपोक्रेटिसच्या नावावरचे ग्रंथ ग्रीकमध्ये, गॅलेन रोमी बादशहांचा वैद्य असूनही लिहिणार ग्रीकमध्ये. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्ससने वैद्यक लॅटिनमध्ये आणले. ते काम सोपे नव्हते. जे शब्द त्याच्या भाषेत नव्हते ते त्याने कधी तसेच ठेवले, कधी भाषांतरित केले. आपल्या परिभाषा समित्या आज करतात तेच. १५४३ मध्ये व्हेसालियसचा शरीररचनेवरचा सचित्र ग्रंथ आला तोही लॅटिनमध्ये. पुढे प्रत्येक देशातले पंडित एकेका अवयवाला आपापली नावे देत सुटले, आणि १८९५ मध्ये बाझल येथे शरीरशास्त्रज्ञांनी बसून सुमारे पन्नास हजार नावांतून साडेपाच हजारांच्या आसपास नावे ठेवली, बाकीची काढून टाकली. हीदेखील एक एक्टॉमीच.

यातून एक वाटणी झाली. अवयवाचे नाव बहुधा लॅटिन, पण रोगाचे आणि शस्त्रक्रियेचे बहुधा ग्रीक. मूत्रपिंडाचे लॅटिन विशेषण 'रीनल', पण ते काढले की नेफ्रेक्टॉमी. गर्भाशय लॅटिनमध्ये 'युटेरस', काढले की हिस्टरेक्टॉमी. विद्यार्थ्याला एका अवयवाची दोन नावे पाठ करावी लागतात. कधी कधी लॅटिन धड आणि ग्रीक शेपूट असाही संकर होतो. ॲपेंडिसेक्टॉमी तसाच. लॅटिन 'अपेंडिक्स' म्हणजे लोंबणारी पुरवणी. आमच्या 'डॉक्टरीणबाई'सारखेच ते. कोणाचे काही अडत नाही.

हिस्टरेक्टॉमीपाशी मात्र थांबले पाहिजे. आपल्याकडे पित्ताची पिशवी, लघवीची पिशवी आणि गर्भाची पिशवी. बाई नुसते "पिशवी काढली" म्हणते आणि ऐकणारा समजून घेतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. त्यामागे गरिबी होती, उचल होती, मुकादम होता, बुडणारा रोज होता. शब्दाने ते सारे घडले असे मी म्हणणार नाही. पण त्या बायकांच्या तोंडचा शब्द 'पिशवी' हाच होता, आणि पिशवी ही घरात रिकामी झाली की घडी घालून ठेवायची वस्तू असते. शब्द सोपा असला म्हणजे अर्थ पोहोचला असे नाही. मावशीची 'थैली' तरी सोपीच होती की.

तर मग हे ग्रीक-लॅटिन शब्द मुळात तरी किती अवघड आहेत? मी यादी काढायला बसलो तेव्हा वाटले, हे पंडितांचे नव्हे, स्वयंपाकघराचे आणि गोठ्याचे शब्द आहेत. गुडघ्यावरचे हाड 'पॅटेला', म्हणजे लहानसे ताट, वाडगा. आपण म्हणतो गुडघ्याची वाटी. रोमच्या बाईला आणि कोल्हापूरच्या बाईला एकच भांडे दिसले. नडगीचे हाड 'टिबिया', म्हणजे बासरी; आपण नळीचे हाड म्हणतो. 'फिस्च्युला' म्हणजे पोकळ नळी, पावा. सुश्रुताने त्याच विकाराला नाडीव्रण म्हटले, आणि नाडी म्हणजेही नळी. 'मसल' हा लॅटिन 'मुस्कुलुस', म्हणजे चिमुकला उंदीर. कातडीखाली पळताना दिसतो म्हणून. आपल्याकडे पोरे दंड फुगवून बेटकुळी दाखवतात. त्यांना उंदीर दिसला, आम्हाला बेडूक. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला ग्रीकांनी 'कोक्सिक्स' म्हटले, कोकिळेच्या चोचीसारखे म्हणून. आपण त्याला माकडहाड म्हणतो. दोन्हींत कोण जास्त खरे बोलले ते वाचकांनी ठरवावे.

आणि काही ठिकाणी तर ही नुसती कल्पनेची गाठ नाही, रक्ताचे नाते आहे. टाक्यांना डॉक्टर 'सूचर' म्हणतात. लॅटिन 'सुएरे' म्हणजे शिवणे. संस्कृत 'सीव्', त्यावरून 'सूत्र', आणि आपले 'शिवणे' हे सगळे त्याच मूळ धातूचे. 'ऑस्टिऑन' आणि 'अस्थि' सख्खे, 'डेन्स' आणि 'दंत' सख्खे. ऑर्थोपेडिक वॉर्डात 'ऑस्टिओटॉमी' ऐकली की घाबरू नये. अस्थीला काप द्यायचा आहे, इतकेच.

नाकाची गोष्ट तर आपल्या अंगणातली आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसाने त्याला नवे नाक लावून दिले. मुंबई इलाख्याच्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिले. कारागिराने मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून मापली, ती सपाट करून कपाळावर ठेवली, भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र भुवयांच्या मधे एक पट्टी जोडलेली ठेवली, रक्त चालू राहावे म्हणून. कातडी फिरवून खाली आणली, कडा खाचेत बसवली आणि वरून पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. हो, तोच कात, पानाला लावायचा. पंचवीसएक दिवसांनी मधली पट्टी कापली. ही हकिकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापली गेली. ती वाचून कारप्यू या इंग्रज सर्जनने प्रयोग केले, १८१६ मध्ये पुस्तक काढले. १८१८ मध्ये बर्लिनच्या ग्रेफने या विषयावर ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले 'ऱ्हिनोप्लास्टिक'. 'ऱ्हिनो' म्हणजे नाक. गेंड्याला ऱ्हायनो म्हणतात तो नाकावरच्या शिंगामुळे. 'प्लास्टिक' हे विशेषण ग्रीक 'प्लास्सेइन'वरून, म्हणजे ओल्या मातीला आकार देणे.

मातीला आकार देणे! शस्त्रक्रिया विटा पाडणाऱ्याने केली आणि बर्लिनच्या पंडिताने नाव शोधले तेही मातीकामाचेच. त्याने ते जाणून केले असे नाही, ग्रीक शब्दच तसा होता. पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र लंडनच्या त्या पत्रात नाही, जात तेवढी आहे. तो या कामाला काय म्हणे, तेही नाही. नाक आपले, कात आपला, आणि नाव ग्रीक, याचे दुःख मला आहे. पण ते ग्रीकांवर राग धरण्याजोगे नाही. ज्याने लिहून ठेवले त्याचा शब्द राहिला.

'सर्जरी' हा शब्दही असाच. ग्रीक 'खेइर' हात आणि 'एर्गोन' काम: हातकाम. लॅटिनमध्ये 'किरुर्गिया', पोर्तुगीजमध्ये 'सिरुर्जिया'; आमच्या शेजारी गोव्यात १८४२ मध्ये निघालेल्या वैद्यकीय शाळेच्या नावातच 'मेदिको-सिरुर्जिका' होते. युरोपने या विद्येला हातावरून नाव दिले, आम्ही हत्यारावरून: शस्त्रक्रिया. आणि सुश्रुताने हात आणि हत्यार दोन्ही सोडून रोग्याला काय टोचते आहे ते पाहिले. शल्य म्हणजे रुतलेला बाण, काटा. मनातले शल्य म्हणतो ते तेच. माझ्या मते तिघांत सुश्रुताचे नाव सर्वांत माणुसकीचे आहे. पण सरकारने 'जिल्हा शल्यचिकित्सक' अशी पाटी लावली तरी लोक 'सिव्हिल सर्जन' म्हणायचे सोडत नाहीत, आणि आमच्या बेळगावात दवाखान्याला तर नुसते 'सिव्हिल'.

मराठीने प्रयत्न केले नाहीत असे नाही. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ मध्ये मराठी आणि गुजराती माध्यमाचे वर्ग निघाले होते, त्यांच्यासाठी मराठीत पुस्तके लिहिली गेली. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने वैद्यकाच्या शाखांचे परिभाषा कोश काढले. काही शब्द रुजले, बरेच कोशात राहिले. अडचण माझ्या स्वतःच्या लक्षात आली ती ग्वाल्हेरात. आम्ही शाळेत शिकलो रोहिणी आणि नीला. माझी मावसभावंडे हिंदी शाळेत शिकली धमनी आणि शिरा. दोन्ही संस्कृत, आणि एका घरातली मुले एकमेकांना कळेनात. शेवटी भांडण मिटले ते आर्टरी आणि व्हेनवर. त्यातही ही आर्टरी म्हणजे मुळात वायुनळी. प्रेतात ती रिकामी सापडे म्हणून जुन्या ग्रीकांना वाटले, हिच्यातून हवा वाहते. समजूत केव्हाच खोटी ठरली, शब्द चालूच आहे.

जे शब्द लोकांनी स्वतः केले ते मात्र पाहत राहावेत. मोतीबिंदू घ्या. युरोपने त्याला 'कॅटॅरॅक्ट' म्हटले, म्हणजे धबधबा किंवा वरून खाली पडणारे दार, कारण डोळ्यावर वरून काही उतरते असे वाटे. आपल्याला मोती दिसला. किंवा 'भूल'. १८४६ मध्ये बोस्टनच्या होम्सने 'ॲनेस्थेशिया' हे ग्रीक नाव सुचवले, संवेदना नसणे. कोशात त्याला बधिरीकरण म्हणतात. पण गावोगावच्या मराठी रोग्याला भूल देतात आणि डॉक्टर होतो भूलतज्ज्ञ. हा शब्द सरहद्द ओलांडत नाही, हेही सांगून टाकतो. ऑपरेशनच्या सकाळी मी त्या नर्सला विचारले, "भूल कब देंगे?" ती दचकून माझ्याकडे पाहू लागली. हिंदीत भूल म्हणजे चूक.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाच्या हिंदी पुस्तकांचे प्रकाशन झाले. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. या पुस्तकांत पारिभाषिक शब्द बहुतांशी तेच ठेवले आहेत, फक्त देवनागरीत. त्यावरून बरीच टवाळी झाली की ही कसली हिंदी. मला ती टवाळी पटली नाही. जगभरच्या सर्जनांना एकमेकांचे कळावे म्हणून ते शब्द आहेत. ते काढून नवे संस्कृत जोडशब्द बसवले तर मावसभावंडांचे भांडण पुन्हा सुरू. माझी तक्रार वेगळी आहे. 'कोलोस्टॉमी' देवनागरीत लिहिला म्हणून तो उघडत नाही. शेजारी एक ओळ हवी: कोलोन म्हणजे मोठे आतडे, स्टोमा म्हणजे तोंड. विद्यार्थ्याला ती ओळ पुस्तकात मिळाली तर उद्या तो रोग्याला देईल. संमतीच्या कागदावर तर ती रोग्याच्या भाषेत, आमच्याकडे मराठीत आणि कन्नडमध्येही, असल्याशिवाय सही घेऊ नये.

मावशी त्यानंतर आठ वर्षे जगली. तिसऱ्या दिवशीच्या त्या ओरडण्यानंतर महिन्याभराने मी फोनवर तिला शब्दाचा अर्थ सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "अरे, तोंड होय? मग ठीक. एक बोलायला, एक हे." पुढे ती त्याला 'धाकटं तोंड' म्हणू लागली. सुनेला हाक मारायची, "धाकट्याचं तोंड पुसायचंय गं, पाणी ठेव."

शेवटच्या खेपेला मी गेलो होतो तेव्हा छावणीतून एक बाई तिच्याकडे आली होती. नवऱ्याचे ऑपरेशन ठरले होते आणि डॉक्टरने सांगितले होते, थैली लगेगी. मावशीने तिला पलंगावर शेजारी बसवले, पदर बाजूला केला आणि म्हणाली, "थैली बाद में, बेटी. पहले ये देख, मुँह बनेगा."